सिरीज कन्व्हर्ज होते का? टेस्ट लावण्याआधी पद किती वेगानं आटतंय ते बघा

बारावीतून इंजिनिअरिंगच्या किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात आलेल्या मुलापुढे इन्फिनिट सिरीजचं, म्हणजे कधीच न संपणाऱ्या बेरजांचं प्रकरण येतं, ते सात-आठ टेस्टची यादी घेऊनच: बेरीज एका ठरावीक संख्येपाशी स्थिरावते (कन्व्हर्ज होते) की नाही (डायव्हर्ज होते), हे ठरवणाऱ्या टेस्ट. कम्पॅरिझन, इंटिग्रल, रेशो, रूट, राबे, लायब्नित्झ… मग तो प्रत्येक गणिताला ही यादी वरून खाली लावत सुटतो. अंधारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुलूप उघडावं, तसं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेकांची हीच सवय असते, आणि ती मोडायलाच पहिला आठवडा जातो.

खरं तर बहुतेक गणितांत टेस्ट कोणती हे ठरायला अर्धा मिनिट पुरतो. त्यासाठी पदाकडे नीट बघावं लागतं: हे पद शून्याकडे किती वेगानं आटतंय? हा अंदाज आला की उत्तर जवळजवळ कळलेलं असतं. टेस्ट उरते ती उत्तर कागदावर सिद्ध करण्यापुरती.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. ‘न’ म्हणजे १, २, ३ असा पुढे चालणारा पूर्णांक. अ(न) म्हणजे न वं पद. ^ हे चिन्ह घाताचं, म्हणजे न^२ हा न चा वर्ग. लॉग म्हणजे सगळीकडे नॅचरल लॉग, आणि ‘ई’ म्हणजे २.७१८ ही त्याच लॉगची पायाभूत संख्या. दहावीच्या पुस्तकातला ‘क्रमिका’ हा शब्द मी ठेवलाय. ‘श्रेढी’ म्हटलं की मुलांना फक्त अंकगणिती श्रेढी आठवते, म्हणून बेरजेसाठी वर्गात बोलतो तसं ‘सिरीज’च म्हणतो.

पहिली पायरी: प्रश्न क्रमिकेचा आहे की सिरीजचा?

१, १/२, १/३, १/४, … ही क्रमिका. मध्ये स्वल्पविराम आहेत. ती कन्व्हर्ज होते, शून्याला: पदं शून्याच्या हवी तितकी जवळ जातात.

१ + १/२ + १/३ + १/४ + … ही सिरीज. मध्ये अधिक चिन्हं आहेत. ती डायव्हर्ज होते.

पदं तीच, उत्तरं उलट. बँकेचं पासबुक आठवा. जमेचा एक रकाना असतो आणि शिलकीचा एक. पदं म्हणजे जमेचा रकाना. पहिल्या न पदांची बेरीज, म्हणजे आंशिक बेरीज, हा शिलकीचा रकाना. सिरीज कन्व्हर्ज होते का, हा प्रश्न शिलकीच्या रकान्याबद्दल असतो: शिल्लक एखाद्या ठरावीक आकड्यापाशी स्थिरावते का? जमा रोज कमी होत गेली म्हणून शिल्लक थांबेलच असं नाही.

काही मोजक्या सिरीजमध्ये शिलकीचं सूत्रच हाताला लागतं. पद १/(न(न+१)) असेल तर ते १/न − १/(न+१) असं फोडता येतं. बेरीज करताना मधली सगळी पदं एकमेकांना खातात आणि उरतं १ − १/(न+१). ते १ कडे जातं, म्हणजे बेरीज १. अशी गणितं परीक्षेत येतात कारण ती गोड असतात. बाकीच्यांसाठी टेस्ट लागतात.

क्रमिका तपासताना

इथे फार काही नाही. अपूर्णांक असेल तर वर-खाली न च्या सर्वांत मोठ्या घाताने भागा: (३न^२ + ५)/(२न^२ − न) ही ३/२ कडे जाते. साइन किंवा कॉससारखं डोलणारं काही असेल तर ते दोन बाजूंनी दाबा: साइन(न)/न हे −१/न आणि १/न यांच्या मधे अडकलेलं आहे, त्यामुळे शून्य. चिन्ह उलटसुलट होत असेल तर सम आणि विषम क्रमांकाची पदं वेगळी बघा. दोन्ही एकाच ठिकाणी जात नसतील तर क्रमिका डायव्हर्ज. आणि एक पाठच करून ठेवा: (१ + १/न)^न ही ई कडे जाते. ती पुढे लागणार आहे.

थांबायचं आहे ते आधीच्या पदावरून पुढचं पद देणाऱ्या क्रमिकेपाशी. समजा अ(१) = √२ आणि अ(न+१) = √(२ + अ(न)). मुलं लगेच दोन्हीकडे लिमिट, म्हणजे क्रमिका जिकडे जाते ती संख्या, ‘ल’ धरतात: ल = √(२ + ल), म्हणून ल^२ − ल − २ = ०, म्हणून ल = २. उत्तर बरोबर आहे, पण पद्धत अर्धीच आहे. का, ते बघायचं तर हीच रीत दुसऱ्या क्रमिकेला लावा: अ(१) = १, अ(न+१) = २अ(न) + १. ल = २ल + १, म्हणून ल = −१. आता पदं लिहून बघा: १, ३, ७, १५, ३१… उणे एकचा पत्ता नाही, क्रमिका वर वरच चालली आहे.

लिमिट आहे असं धरलं तर ती किती, एवढंच हे समीकरण सांगतं. ती आहे का, हे आधी दाखवावं लागतं. त्याचा नेहमीचा मार्ग असा की क्रमिका सतत वाढते आणि तरी एका मर्यादेच्या वर जात नाही, एवढं सिद्ध करायचं. √२ च्या उदाहरणात एखादं पद २ पेक्षा लहान असेल तर पुढचं √(२ + २) = २ पेक्षा लहानच राहतं. आणि ० ते २ च्या दरम्यान √(२ + ल) हे ल पेक्षा मोठं असतं, म्हणून क्रमिका वाढतीच. या दोन ओळी लिहिल्या नाहीत तर गुण कापले जातात, आणि ते योग्यच आहे.

आता सिरीज. आधी दाराशीच चाळण

पद शून्याकडे जात नसेल तर सिरीज डायव्हर्ज. विषय संपला. न/(२न + १) हे पद १/२ कडे जातं, म्हणजे शिलकीत रोज जवळजवळ अर्धा रुपया पडतोच आहे, ती थांबेल कशी? ही तपासणी प्रत्येक गणिताला दहा सेकंदांत करायची. करत नाहीत म्हणून सांगतो. पानभर रेशो टेस्ट करून शेवटी ‘टेस्ट फेल’ असं लिहिलेलं असतं आणि पद मुळात १ कडे जात असतं.

उलट बाजूनं मात्र काहीच कळत नाही. पद शून्याकडे जातं म्हणून सिरीज कन्व्हर्ज, ही या प्रकरणातली सर्वांत महाग चूक. तिला उत्तर म्हणजे हार्मोनिक सिरीज:

१ + १/२ + १/३ + १/४ + १/५ + …

चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानानं तिची केलेली फोड अजूनही सर्वांत सुंदर आहे. १/३ + १/४ हे १/४ + १/४ पेक्षा मोठं, म्हणजे अर्ध्याहून जास्त. पुढची चार पदं १/५ ते १/८, प्रत्येक किमान १/८, म्हणजे पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढची आठ, पुन्हा अर्धं. गट दुप्पट मोठे होत जातात, पण प्रत्येक गट अर्धा तरी देऊन जातो आणि गट संपत नाहीत. म्हणून बेरीज कुठलीही मर्यादा ओलांडते.

पण किती सावकाश! पहिल्या १० पदांची बेरीज २.९३, १०० पदांची ५.१९, १००० पदांची ७.४९, दहा लाख पदांची १४.३९. बेरीज १०० च्या वर न्यायची तर साधारण १.५ × १०^४३ पदं लागतात. एक्सेलमध्ये बेरीज करून ‘सर, ही थांबतेय’ असं सांगणारा विद्यार्थी दरवर्षी भेटतो. मी त्याला रागवत नाही, कारण आकडे बघून कुणालाही तसंच वाटेल. म्हणूनच संगणकावरचे आकडे हा पुरावा धरत नाहीत.

दोन मोजपट्ट्या

इथे लेखाचा गाभा आहे, सावकाश वाचा. पुढच्या जवळजवळ सगळ्या टेस्ट म्हणजे तुमच्या सिरीजला दोन ओळखीच्या सिरीजशेजारी उभं करून उंची बघणं आहे.

पहिली पट्टी जिओमेट्रिक सिरीज: १ + र + र^२ + र^३ + … प्रत्येक पद आधीच्याच्या ‘र’ पट. र ची किंमत −१ आणि १ च्या दरम्यान असेल तर कन्व्हर्ज आणि बेरीज १/(१ − र). नाहीतर डायव्हर्ज. ही पदं फार वेगानं आटतात. र = १/२ घेतला तर विसाव्या पदानंतर उरतं काय, एकाचा जेमतेम पाच लाखावा भाग.

दुसरी पट्टी पी-सिरीज: पद १/न^प. इथे प हा १ पेक्षा मोठा असेल तर कन्व्हर्ज, १ किंवा कमी असेल तर डायव्हर्ज. ही पदं हळू आटतात.

हे का, ते इंटिग्रल टेस्ट सांगते. पदं धन आणि उतरती असतील तर प्रत्येक पदाला १ रुंदीचा आयत समजा आणि त्यांच्या माथ्यावरून वक्र काढा. वक्राखालचं क्षेत्रफळ आणि आयतांची बेरीज एकमेकांना धरून चालतात: एक मर्यादित तर दुसरं मर्यादित. १/क्ष चं इंटिग्रल लॉग(क्ष), ते अनंताकडे जातं. १/क्ष^२ चं −१/क्ष, ते थांबतं. शिवाय या टेस्टचा एक फायदा पुस्तकं घाईत सांगतात. ती उरलेली शेपटी किती लांब आहे तेही सांगते. १/न^२ च्या सिरीजमध्ये न पदांनंतर उरलेली बेरीज १/(न+१) आणि १/न च्या मधे असते. म्हणजे हजार पदं मिळवली तरी चूक एक हजारांशाच्या आसपास राहणारच. प्रत्यक्षात हजार पदांची बेरीज १.६४३९ येते, खरी किंमत १.६४४९. ही खरी किंमत म्हणजे पायचा (π चा) वर्ग भागिले ६, हे गणिती ऑयलरनं १७३५ मध्ये मांडलं. टेस्ट ‘बेरीज आहे’ एवढंच सांगते. ती किती आहे, हा पुष्कळदा फार अवघड प्रश्न असतो.

सीमेवरची एक जोडी लक्षात ठेवा. १/(न लॉग न) डायव्हर्ज होते, १/(न (लॉग न)^२) कन्व्हर्ज (दोन्ही न = २ पासून). पहिलीचं इंटिग्रल लॉग(लॉग क्ष), जे अनंताकडे जातं खरं, पण क्ष ला १०^१०० केलं तरी साडेपाचच्या आतच असतं.

आटण्याचा वेग ओळखायला ही उतरंड पाठ हवी. न = २० घातलं तर लॉग न सुमारे ३, न^२ म्हणजे ४००, २^न म्हणजे १०,४८,५७६, न! (न फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून न पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) ही १९ अंकी संख्या आणि न^न ही २७ अंकी. पुढे जावं तशी दरी वाढतच जाते. छेदात यातलं कोण बसलंय, त्यावरून निकालाचा अंदाज येतो.

पदात न चे घात आणि मुळंच दिसतात तेव्हा

कम्पॅरिझन. त्यातही लिमिट कम्पॅरिझन, कारण साध्या कम्पॅरिझनमध्ये असमानता जुळवताना डोकं फिरतं. कृती अशी: अंशातलं आणि छेदातलं सर्वांत ताकदवान पद ठेवा, बाकीचं झाका. (३न^२ + ५)/(न^४ − न + ७) झाकून बघितलं की ३/न^२. आता मूळ पद भागिले १/न^२ यांची लिमिट घ्या, ती ३ येते. ही लिमिट शून्य नाही आणि अनंतही नाही, म्हणजे दोघींचं नशीब एकच. १/न^२ कन्व्हर्ज, म्हणून हीही.

मुळं असतील तर आधी परिमेयीकरण करा. (√(न+१) − √न)/न हे पद दिसायला १/√न च्या घरातलं वाटतं. गुणून बघितलं की १/(न(√(न+१) + √न)) होतं, म्हणजे साधारण १/(२न^१.५). कन्व्हर्ज.

साइन, कॉस यांच्या आत १/न असेल तर लहान कोनाचा अंदाज वापरा. साइन(१/न) हे १/न सारखं, म्हणून डायव्हर्ज. १ − कॉस(१/न) हे १/(२न^२) सारखं, म्हणून कन्व्हर्ज.

आणि हा सापळा. पद १/न^(१ + १/न). घात प्रत्येक वेळी १ पेक्षा मोठा आहे, म्हणून पी-सिरीजच्या नियमानं कन्व्हर्ज? नाही. पी-सिरीजमधला प स्थिर असायला हवा, इथे तो १ कडे घसरतोय. पद फोडा: १/(न × न^(१/न)). न^(१/न) ही १ कडे जाते, म्हणजे हे पद १/न च्याच जातीचं. डायव्हर्ज. तोंडी परीक्षेत विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

साधं कम्पॅरिझन वापरायचंच असेल तर दिशा जपा. कन्व्हर्ज होणाऱ्यापेक्षा लहान, हे कामाचं. डायव्हर्ज होणाऱ्यापेक्षा मोठं, हेही कामाचं. डायव्हर्ज होणाऱ्यापेक्षा लहान, यावरून काहीही सिद्ध होत नाही. श्रीमंत माणसापेक्षा माझ्याकडे कमी पैसे आहेत, म्हणून मी गरीब ठरतो का?

कम्पॅरिझनची ताकद दाखवणारी एक गंमत इथेच सांगतो. हार्मोनिक सिरीजमधून ज्या न मध्ये ९ हा अंक कुठेही येतो ती सगळी पदं काढून टाका: ९, १९, ९०, १९४७, सगळी. उरलेली सिरीज कन्व्हर्ज होते! हे केम्पनर या गणितज्ञानं १९१४ मध्ये दाखवलं आणि कारण दोन ओळींचं आहे. ९ नसलेल्या एकअंकी संख्या ८, दोनअंकी ८ × ९, तीनअंकी ८ × ९ × ९. आणि त्यांची पदं जास्तीत जास्त अनुक्रमे १, १/१०, १/१००. म्हणून एकूण बेरीज ८(१ + ०.९ + ०.८१ + …) म्हणजे ८० पेक्षा कमी. प्रत्यक्षात ती २२.९२ च्या आसपास आहे. मोठ्या संख्यांमध्ये ९ टाळणं किती अवघड असतं, ते यातून कळतं.

फॅक्टोरियल किंवा घातांकात न दिसला तर

रेशो टेस्ट. पुढचं पद भागिले आधीचं पद, त्याची लिमिट. १ पेक्षा कमी तर कन्व्हर्ज, जास्त तर डायव्हर्ज. म्हणजे सिरीज दूरवर जाऊन जिओमेट्रिकसारखी वागते का, एवढंच आपण विचारतोय.

न!/न^न घ्या. भागाकार सोडवला की (न/(न+१))^न उरतं, म्हणजे १/ई, सुमारे ०.३७. कन्व्हर्ज. आता वर २^न लावा: गुणोत्तर २/ई, सुमारे ०.७४, अजून कन्व्हर्ज. ३^न लावा: ३/ई, सुमारे १.१०, डायव्हर्ज. दोन आणि तीनच्या मधे कुठेतरी निकाल फिरतो आणि तो नेमका ई पाशी फिरतो. हे तीन प्रश्न एका बैठकीत सोडवले की रेशो टेस्ट पुन्हा शिकावी लागत नाही. फॅक्टोरियल सोडवताना (न+१)! = (न+१) × न! एवढंच लागतं. चुका होतात त्या (२न)! मध्ये, कारण तिचं पुढचं पद (२न+२)! आहे, (२न+१)! नाही.

संपूर्ण पदच न च्या घातात गुंडाळलेलं असेल तर रूट टेस्ट, कॉशीची. (न/(२न+१))^न चं न वं मूळ काढलं की १/२. संपलं. (न/(न+१))^(न^२) चं न वं मूळ (न/(न+१))^न, म्हणजे पुन्हा १/ई. निकाल वाचायची रीत रेशोसारखीच.

आता लिमिट १ आली तर? टेस्ट गप्प बसते. आणि इथेच सुरुवातीच्या सवयीचा हिशेब होतो. १/न चं गुणोत्तर १ कडे जातं, १/न^२ चंही, १/न^१०० चंही. न च्या घातांची जी काही कसरत असेल, तिथे रेशो आणि रूट या दोन्ही टेस्ट दरवेळी १ च देणार. त्यांच्या हातातली पट्टी जिओमेट्रिक आहे. तिच्यावर पी-सिरीजचे बारीक फरक उमटतच नाहीत, ट्रकच्या वजनकाट्यावर सोनं तोलल्यासारखं. म्हणून बहुपदीवर रेशो टेस्ट लावू नका.

तरी एक प्रकार असा आहे की पदात गुणाकाराची माळ असते पण गुणोत्तर १ कडेच जातं:

(१·३·५···(२न−१)) / (२·४·६···(२न))

पुढचं भागिले आधीचं (२न+१)/(२न+२), लिमिट १. इथे राबे टेस्ट: न × (आधीचं/पुढचं − १) याची लिमिट घ्या. १ पेक्षा जास्त तर कन्व्हर्ज, कमी तर डायव्हर्ज. दिशा रेशोच्या उलट आहे, कारण भागाकारच उलटा घेतलाय. परीक्षेतले निम्मे घोटाळे इथे होतात. या सिरीजसाठी ती न/(२न+१), म्हणजे १/२. डायव्हर्ज. पण त्याच पदाच्या छेदात आणखी एक (२न+१) ठेवला तर लिमिट ३/२ येते आणि सिरीज कन्व्हर्ज होते. तिच्यात सुरुवातीचा १ मिळवला तर बेरीज बरोबर पाय/२ भरते.

अधिक-उणे, अधिक-उणे

चिन्हं आलटून पालटून येत असतील तर लायब्नित्झ टेस्ट. चिन्ह बाजूला ठेवून बघा: पदं उतरती आहेत का, आणि शून्याकडे जातात का? दोन्ही असेल तर कन्व्हर्ज. सोबत एक बक्षीस मिळतं. कुठेही थांबलात तरी चूक पुढच्या पदापेक्षा मोठी नसते.

याचं सर्वांत देखणं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. केरळातल्या संगमग्रामचा माधव, साधारण १३४० ते १४२५. पाय/४ = १ − १/३ + १/५ − १/७ + … ही सिरीज त्याच्या नावावर सांगितली जाते. ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या सोळाव्या शतकातल्या मल्याळम ग्रंथात तिची उपपत्ती आहे. लायब्नित्झला ती सतराव्या शतकात सापडली. कन्व्हर्ज होते, पण रडत-खडत: दहा पदं घेऊन चारनं गुणलं तर ३.०४१८, हजार पदं घेतली तरी ३.१४०६. केरळच्या गणित्यांनी यावर उपाय काढला होता. न पदांनंतर थांबताना पुढच्या पदाच्या चिन्हानं न/(४न^२ + १) एवढी दुरुस्ती जोडायची. दहा पदांनंतर १०/४०१ मिळवा, चारनं गुणा: ३.१४१५९०. खरी किंमत ३.१४१५९३. कागद-पेन घेऊन हे एकदा कराच, पंधरा मिनिटांचं काम आहे.

‘उतरती’ ही अट मुलं गाळतात. उलटसुलट चिन्हाचं पद घ्या: अंशात (−१)^न, छेदात √न + (−१)^न, न = २ पासून. शून्याकडे जातं, चिन्हही बदलतं. पण पदं चढ-उतार करत जातात. परिमेयीकरण केलं की त्यातून −१/(न−१) वेगळं पडतं, म्हणजे पोटात हार्मोनिक सिरीज दडलेली. डायव्हर्ज.

चिन्हं मिश्र असलेली सिरीज हातात आली की मी आधी सगळी चिन्हं अधिक करून बघतो. तशी कन्व्हर्ज झाली तर मूळही होतेच, याला ॲब्सोल्यूट कन्व्हर्जन्स म्हणतात. साइन(न)/न^२ असंच सुटतं. चिन्हं पुसल्यावर डायव्हर्ज पण मूळ कन्व्हर्ज, तर ती कंडिशनल. हा फरक नुसता नावाचा नाही. १ − १/२ + १/३ − १/४ + … याची बेरीज लॉग २, म्हणजे ०.६९३१. तीच पदं एक धन, दोन ऋण अशा क्रमानं मांडा: १ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + … बेरीज बरोबर निम्मी होते, ०.३४६६. रीमान या जर्मन गणितज्ञानं तर दाखवलं की कंडिशनल सिरीजची पदं पुन्हा मांडून हवी ती बेरीज काढता येते. शाळेत शिकलेला ‘बेरजेत क्रम बदलला तरी चालतो’ हा नियम इथे चालत नाही.

जाता जाता: १ + २ + ३ + … = −१/१२ हे मोबाइलवर फिरणारं समीकरण घेऊन कुणी ना कुणी येतंच. रामानुजननं १९१३ मध्ये इंग्रज गणितज्ञ हार्डीला लिहिलेल्या पत्रातही ते आहे. पण तिथे ‘बेरीज’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. आपल्या अर्थानं, शिलकीच्या रकान्यानं, ही सिरीज पहिल्याच चाळणीत डायव्हर्ज ठरते. उत्तरपत्रिकेत −१/१२ लिहू नका.

क्ष असलेली सिरीज

क्ष^न/(न × ३^न). रेशो टेस्ट लावा: |क्ष|/३. म्हणजे क्ष हा −३ आणि ३ च्या मधे असेल तर कन्व्हर्ज, बाहेर डायव्हर्ज. टोकांवर गुणोत्तर नेमकं १, तिथे टेस्ट गप्प, म्हणून टोकं हातानं तपासायची. क्ष = ३ घातला की हार्मोनिक, डायव्हर्ज. क्ष = −३ घातला की उलटसुलट चिन्हांची हार्मोनिक, कन्व्हर्ज. उत्तर: −३ धरून, ३ वगळून. टोकं न तपासता उत्तर लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि तिथे हमखास दोन गुण असतात.

आता स्वतः करायला पाच. आधी पदाकडे बघून उत्तर पेन्सिलीनं लिहा, मग सिद्ध करा.

(१) न^५/२^न
(२) (न^२ + १)/(न^३ + न)
(३) (लॉग न)/न^२
(४) (न!)^२/(२न)!
(५) १/(लॉग न)^(लॉग न), न = २ पासून

पहिली कन्व्हर्ज, कारण २^न पुढे न^५ टिकत नाही, रेशो १/२. दुसरी डायव्हर्ज, पद चक्क १/न आहे, गुणक काढून बघा. तिसरी कन्व्हर्ज: लॉग न हा न च्या अगदी छोट्या घातापेक्षाही हळू वाढतो, म्हणून १/न^१.५ शी तुलना करा. चौथी कन्व्हर्ज, रेशो १/४. पाचवीला बहुतेक जण अडतात. (लॉग न)^(लॉग न) म्हणजेच न^(लॉग लॉग न), लॉग घेऊन पडताळा. लॉग लॉग न हा हळू का होईना, २ च्या पुढे जातोच. तो जातो न सुमारे १६१८ झाल्यावर, आणि तिथून पुढे प्रत्येक पद १/न^२ पेक्षा लहान. कन्व्हर्ज. पहिली सोळाशे पदं कशीही वागली तरी निकालावर त्यांचा परिणाम नाही.